चार नंबर गेटवरचे चेनमामा

आधीच सांगून टाकतो, मी तापट माणूस आहे. बसस्टँडवर सव्वीस वर्षं भोंग्यावर घोषणा करतोय आणि चुकीचं काही कानावर पडलं की माझं डोकं फिरतं. "पाचची गाडी किती वाजता सुटते हो?" असं कुणी विचारलं की त्याची खरडपट्टी काढल्याशिवाय मला चैन पडत नाही. आमची ही म्हणते, "माईकसमोर एवढं गोड बोलता, मग घरात काय होतं तुम्हाला?" पण आज मला चेनमामांबद्दल सांगायचंय. त्यांचं सांगताना माझंही येणार, आणि जे येईल ते ऐकून तुम्ही मला चार शिव्या द्याल. द्या. मी रोज देतो.

चेनमामा चार नंबर गेटच्या आत, भिंतीला पाठ टेकून बसायचे आणि बॅगांच्या चेन दुरुस्त करायचे. तरुणपणी ते बॅगांच्या कारखान्यात होते. कारखाना बंद पडला तेव्हा दाभण, दोन पकडी आणि चेन ओढायच्या रनरनी भरलेली एक बरणी घेऊन ते स्टँडवर आले आणि बसले ते बसलेच. तुटका पट्टा, निखळलेलं चाक, उसवलेली शिवण, काहीही आणा. प्रवासी बॅग त्यांच्यापुढे टाकायचे, "मामा, तासाभरात येतो" म्हणायचे आणि गावात कामं उरकायला जायचे. पावती नाही, चिठ्ठी नाही. मामा पट्ट्याला रंगीत दोरा बांधायचे. लाल म्हणजे आजचं काम, निळा म्हणजे उद्याचं. मालकाचं तोंड एकदा पाहिलं की ते विसरत नसत.

त्यांचा एक नियम होता. मालक समोर नसेल तर बॅग उघडायची नाही. चेन बाहेरून बसवता आली तर बसवायची, नाहीतर मालक येईपर्यंत तशीच ठेवायची. मी एकदा म्हणालो, "मामा, उघडून पटकन उरका की. कोण बघतंय?" तर माझ्यावरच उखडले. "बॅग म्हणजे माणसाचं पोट असतं, भोंग्या. डॉक्टरसुद्धा विचारून हात लावतो." भोंग्या म्हणजे मी. अख्ख्या स्टँडवर मला असं हाक मारायची हिंमत त्यांच्या एकट्यात होती. माझ्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी मोठे, त्यामुळे मीही ऐकून घ्यायचो.

दीडच्या सुमाराला मी माझ्या काचेच्या खोलीतून खाली उतरायचो आणि आम्ही दोघं एका बाकावर बसून जेवायचो. मामी माझ्यासाठीही थोडं जास्तीचं द्यायच्या. शेजारी तीन नंबर गेटजवळ मामांचा साडू कुलपं विकायचा. दोघांची दिवसभर जुंपलेली. मामा म्हणायचे, "तू कुलपं विक, मी चेन बसवतो. दोघं मिळून जगाची अब्रू झाकतो आपण!" साडू म्हणायचा, "तुमची अब्रू आधी झाका, धोतरासारखी पँट नेसलीय." मात्र त्या वर्षी त्यांचं खरंच बिनसलं होतं. साडूच्या जागेवर ऊन यायचं. त्याला मामांच्या सावलीतली हातभर जागा हवी होती आणि मामा अडून बसले होते. महिनाभर दोघांचा अबोला होता.

तेवढ्यात निवडणूक आली, आणि इशाऱ्यांचं पेव फुटलं.

इशारा आमच्याकडे कागदावर येतो. वरच्या ऑफिसातून, शिक्का मारून. घातपाताची शक्यता आहे, नागरिकांनी सावध राहावं, बेवारस वस्तूला हात लावू नये, वगैरे. तो तीनदा वाचायचा, मध्ये अर्धा मिनिट थांबायचं, असा नियम. एरवी वर्षाला दोन-तीन यायचे. आता आठवड्याला तीन यायला लागले. मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा करत गेलो. दवाखान्यातल्या औषधांचा घोटाळा पेपरात आला, त्या दुपारी एक. विरोधकांची मोठी सभा, त्या सकाळी एक. सत्तेतल्यांच्या सभा झाल्या पाच, त्या पाचही दिवशी सगळं शांत. त्या दिवशी बहुतेक अतिरेक्यांना सुट्टी असावी.

मी हे मामांना सांगितलं तेव्हा ते घास हातात घेऊन हसत बसले. "भोंग्या, तुमच्या गाड्यांपेक्षा त्यांचं वेळापत्रक बरं आहे की रे!" मग घास खाली ठेवून म्हणाले, "पण त्यातला एखादा खरा निघाला तर? तू वाचच बाबा. इथे बायका-पोरं असतात."

"तिथेच तर त्यांचं फावतं, मामा," मी म्हणालो. "खोटा म्हणावा तर जीव टांगणीला. खरा म्हणावा तर मत त्यांच्या खिशात. विचारायला जावं तर गुपित आहे म्हणतात."

"मग तू काय करतोस?"

"मी काय करणार? वाचतो."

मतदानाला तीन आठवडे होते. त्या दिवशी बारा वाजता विरोधकांचा मोर्चा स्टँडसमोरच्या चौकातून निघणार होता आणि साडेदहाला कागद आला. वाचता वाचता मला तो ओळखीचा वाटला. कपाट उघडून मी मागच्या निवडणुकीच्या वेळची फाईल काढली. शब्द न शब्द तोच! फक्त तारीख बदललेली. "सहा नंबर गेटच्या परिसरात बेवारस बॅगा ठेवल्या जाण्याची शक्यता असल्याची खात्रीलायक माहिती मिळाली आहे." खात्रीलायक, म्हणे! अरे, आमच्याकडे सहा नंबर गेटच नाही. चार वर्षांपूर्वी स्टँड नव्याने बांधला, दोन गेटं विटांनी बुजवली आणि बाकीच्यांचे नंबर बदलले. वर बसलेल्या कुठल्या तरी शहाण्याने जुना कागद काढून जसाच्या तसा पुढे ढकलला होता.

इथे मी थांबायला हवं होतं. फोन उचलायला हवा होता. हातात पुरावाच होता हो, एकाच मजकुराचे दोन कागद! पण मला राग आला तो खोटेपणाचा आला नाही, चुकीचा आला. सव्वीस वर्षांत मी एकही गेट चुकीचं पुकारलेलं नाही, आणि आता असला गबाळा कागद माझ्या तोंडून जाणार? आमच्या कामात वरून चुकीचा नंबर आला तर तो सुधारूनच वाचायचा असतो, नाहीतर प्रवासी सैरावैरा धावतात. ती सवय अंगात मुरलेली. जुनं सहा म्हणजे आताचं चार, असा मी मनात हिशोब केला, स्वतःवर खूश झालो आणि बटण दाबलं.

"चार नंबर गेटच्या परिसरात बेवारस बॅगा..."

पहिल्यांदा वाचून झालं आणि मी काचेतून खाली पाहिलं. सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळल्या होत्या. चार नंबर गेटजवळ मामा उभे राहिले होते आणि चष्मा वर सरकवून इकडेतिकडे शोधत होते. बाकाखाली वाकून बघत होते, खांबामागे बघत होते. बेवारस बॅगा कुठे आहेत ते शोधायला लागले होते हो! भिंतीशी लावलेल्या त्या सतरा बॅगा बेवारस दिसतील, हे त्यांच्या डोक्यातसुद्धा आलं नाही. त्यांच्या लेखी प्रत्येक बॅगेला मालक होता.

मध्ये अर्धा मिनिट होता. अर्ध्या मिनिटात "चूक झाली, चार नंबर नाही" एवढं सहज म्हणता येतं. मी घड्याळाच्या काट्याकडे बघत बसलो. मग दुसऱ्यांदा वाचलं. मग तिसऱ्यांदा. आणि तेही स्पष्ट, सावकाश, एकेक शब्द सुटा.

पुढचं मला साडूने सांगितलं, रडत रडत. पोलिसांनी विचारलं, या बॅगा कोणाच्या? मामा म्हणाले, लोकांच्या. आत काय आहे? "मला काय माहीत? मी उघडत नाही." तुझ्यापुढे पडल्यात आणि तुला माहीत नाही? "साहेब, मालक नसताना उघडू कसा?" लोकांचा लोंढा बाहेर धावत होता, कुणीतरी किंचाळलं, आणि दोन पोलिसांनी मामांना तोंडावर पाडलं. साडू अबोला विसरून मध्ये घुसला. "माझा साडू आहे, चेनवाला आहे तो!" असं बोंबलत राहिला, तर त्यालाही काठी बसली. मामांचं तोंड जमिनीला लागलेलं होतं. त्यांना हे दिसलं नाही, आणि त्या गलक्यात ऐकूही आलं नाही.

बॅगा सुरीने फाडल्या. चांगल्या चेन होत्या, मामांनीच बसवलेल्या, तरी फाडल्या. आत शाळेची पुस्तकं, लोकरीच्या टोप्या, कुणाच्या तरी छातीचा एक्स-रे, बाळाचे कपडे. टीव्हीवर ते दाखवलं नाही. टीव्हीवर दाखवल्या भिंतीशी लावलेल्या सतरा बॅगा आणि मान खाली घातलेले मामा. मोर्चाला सुरक्षेच्या कारणावरून परवानगी नाकारली. संध्याकाळच्या सभेत मंत्री म्हणाले, आमच्या सतर्कतेमुळे मोठा अनर्थ टळला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. वेटिंग हॉलमधल्या टीव्हीवर मी ते उभ्याने पाहिलं.

दुसऱ्या दिवशी आमचे स्टँडचे साहेब माझ्या खोलीत आले. कागद मागितला, वाचला आणि भुवया वर केल्या. "यात तर सहा आहे."

"हो साहेब. सहा नंबर आपल्याकडे नाहीच. मी सुधारून वाचलं."

साहेबांनी दार लावून घेतलं. "म्हणजे तो चेनवाला..."

"त्याचा काडीचा संबंध नाही, साहेब. दुरुस्तीच्या बॅगा आहेत त्या. अख्ख्या स्टँडला माहीत आहे." एवढं मी बोललो. एवढंच बोललो.

साहेब खुर्चीत बसले. "तुझी किती वर्षं राहिली रे?"

"दोन."

"मग नवा कागद टाईप कर. यात चार घाल, शिक्का मी आणतो. वरचे जाम खूश आहेत. पहिल्यांदाच एक इशारा खरा ठरलाय." मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुझ्यामुळे."

मी टाईप केला. एकही चूक केली नाही. जुना कागद साहेबांनी घडी करून खिशात टाकला, आणि जाताना मागच्या निवडणुकीची फाईलही काखेत मारून नेली. मी ती स्वतः कपाटातून काढून दिली.

चार दिवसांनी एक पोलीस अधिकारी आला. नम्र होता बिचारा. म्हणाला, "त्याने तुमचं नाव सांगितलंय. भोंग्यावरच्या माणसाला विचारा, तो मला ओळखतो, असं सारखं म्हणतोय."

साहेब दारात उभे होते. "तोंडओळख आहे," मी म्हणालो. "येता-जाता दिसायचा."

दिसायचा, म्हणालो. वीस वर्षं ज्यांना अहो-जाहो केलं, त्यांना.

मामी आल्या त्या दिवशी मी खोलीत नसल्याचं नाटकही करून पाहिलं, पण खोली काचेची. त्या दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही एकदा येऊन सांगाल का? तुमचं ऐकतील. तुम्ही सरकारी माणूस." मी म्हणालो, मतदान होऊ दे मामी, मग सगळं थंड होईल. "यांचा चष्मा फुटलाय," त्या म्हणाल्या, "आत त्यांना धड दिसत नाही." मी म्हणालो, बघतो. त्या "बरं" म्हणून खाली गेल्या आणि मी काय बघणार होतो ते मलाच माहीत नव्हतं.

घरी आमच्या हिने टीव्ही बंद केला आणि विचारलं, "त्यांच्याच पंक्तीला बसून जेवत होतात ना?" मी ताट सरकवलं आणि ओरडलो, "तुला काय कळतंय सरकारी नोकरीतलं?" शेजाऱ्यांनाही ऐकू गेलं असेल. ती सरकवलेलं ताट उचलून घेऊन गेली. लाज वाटते हो. माझा सगळा संताप कुठे गेला होता तेव्हा? गाडीची वेळ चुकीची विचारणाऱ्या म्हाताऱ्यावर मी तुटून पडतो, आणि साहेबांपुढे शेपूट घालतो. आयुष्यभर ज्याला मी तापटपणा समजलो, तो फक्त दुबळ्यांवर निघणारा राग होता. हे मला साठीला टेकल्यावर कळलं.

मतदान झालं. निकाल लागले. होते तेच पुन्हा आले. मतदानानंतर चौथ्या दिवशी मामांना सोडलं. खटला नाही, माफी नाही. फाडलेल्या बॅगा आणि आतला सगळा पसारा एका पोत्यात कोंबून त्यांच्या हवाली केला. चार नंबर गेटजवळ आता लोखंडी कठडा लावलाय. तिथे बसायला मनाई आहे, सुरक्षेच्या कारणावरून.

मामा दुपारी चारच्या पुढे माझ्या खोलीत आले. चेहरा अर्धा झालेला, चष्म्याची एक काच नव्हती. पोतं खांद्यावर होतं. मी उठलो, पाणी दिलं, खुर्ची दिली. ते बसले नाहीत.

"भोंग्या, एक विचारतो. खरं सांग."

"विचारा ना, मामा."

"कागदावर चारच होतं?"

मी टेबलावरचे कागद उगाच सारखे केले.

"पंचवीस दिवस मी आत याचाच विचार करतोय. तूच सांगितलं होतंस ना, सगळे इशारे पुड्या असतात? मग पुडीत बरोबर माझीच जागा कशी आली? कुणीतरी जाऊन सांगितल्याशिवाय येईल का? माझी जागा कुणाला हवी होती? एकालाच." त्यांचा आवाज चिरकला. "मला वाटतं साडूने नाव दिलं. पण दोघी सख्ख्या बहिणी आहेत रे. उगाच संशयावरून घर मोडायचं नाही मला. म्हणून तुला विचारायला आलो. तू कागद डोळ्यांनी पाहिलास."

साडूच्या पाठीवर उठलेले वळ मी पाहिले होते. त्याने शर्ट वर करून दाखवले होते. मी फक्त "सहा होतं" एवढे दोन शब्द बोलायचे होते. मग मामांनी विचारलं असतं, चार कुठून आलं? मग मला सांगावं लागलं असतं. जिभेवर आलं होतं, शपथेवर सांगतो. पण त्यांची ती एक काच नसलेली नजर माझ्यावर होती, आणि ती नजर बदललेली मला बघवली नसती.

"चारच होतं, मामा," मी म्हणालो. "मी स्वतः वाचलं."

त्यांनी मोठा श्वास सोडला. "म्हणजे तोच. आजपासून तो मला मेला." मग माझा दंड धरून म्हणाले, "तू कशाला खोटं बोलशील."

दाराशी जाऊन ते पुन्हा वळले. "एक काम करशील? भोंग्यावरून एवढं सांग. ज्यांच्या बॅगा माझ्याकडे होत्या त्यांनी यावं. त्यांचं सामान घेऊन जावं. बॅगा मी शिवून देतो."

"लेखी आदेशाशिवाय नाही सांगता येत, मामा."

"बरोबर आहे," ते म्हणाले. "तुझ्या नोकरीवर गदा नको." आणि एकेक पायरी चाचपत खाली उतरले.

काचेतून मला दिसत होतं. कठड्याच्या अलीकडे त्यांनी पोतं उपडं केलं, फाटक्या बॅगा ओळीने मांडल्या आणि दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडायला लागले. "बॅगा घेऊन जा हो! ज्यांच्या बॅगा माझ्याकडे होत्या त्यांनी या! मी शिवून देतो!" लोक वळसा घालून जात होते. एका बाईने त्यांना ओळखलं असावं, तिने पोराचा हात घट्ट धरून त्याला दुसऱ्या बाजूला घेतलं. मामा ओरडतच होते. आवाज बसत चालला होता. माझ्यापुढे माईक होता आणि त्याच्या बटणावर माझा अंगठा होता.

पाच दहाच्या गाडीची वेळ झाली. मी बटण दाबलं आणि गाडी पुकारली, मार्ग, थांबे, फलाट, सगळं बिनचूक. भोंग्याच्या आवाजात मामांचं काहीच ऐकू येईना. त्यांनी हात खाली घेतले, वर माझ्या खिडकीकडे पाहिलं, आणि माझं बोलणं पुरं होईपर्यंत मुकाट्याने थांबून राहिले.